शालेय वर्ष सुरू होताना मुलांना वैयक्तिक सुरक्षा कशी शिकवावी : पालकांसाठी मार्गदर्शन

राज्याच्या बहुतेक भागांत शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि विदर्भात उन्हामुळे त्यानंतर काही दिवसांनी. वह्या, गणवेश आणि रेनकोट यांच्या खरेदीच्या गडबडीत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे याच दिवसांत मुलाच्या भोवतालची माणसेही बदलत असतात. वर्गशिक्षक नवे असतात, व्हॅन नवी असते, शिकवणी किंवा पाळणाघर नवे असते. म्हणून वैयक्तिक सुरक्षेविषयी बोलायला सुरुवात करण्यासाठी हा काळ सोयीचा आहे. ज्या पालकांनी हा विषय घरात आजवर कधीच काढलेला नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

बहुतेक घरांतील सूचना "अनोळखी माणसाने चॉकलेट दिले तर घेऊ नकोस" येथे सुरू होते आणि येथेच संपते. ही सूचना चुकीची नाही, पण फार अपुरी आहे. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांमध्ये आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे दाखवत आली आहे. शेजारी, नातेवाईक, शिकवणीचे सर, व्हॅनचालक, कुटुंबाचे मित्र अशी ही माणसे असतात. मुलगे यातून सुटतात हाही गैरसमज आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला आणि असा अनुभव सांगणाऱ्यांमध्ये मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. त्यामुळे जे मुलीला शिकवायचे ते सर्व मुलालाही शिकवावे. अपंग मुलांना तर ते अधिक वेळा, चित्रांच्या किंवा बाहुल्यांच्या साहाय्याने शिकवावे, कारण अंघोळ, कपडे बदलणे आणि शौच यांसाठी त्यांना इतरांवर जास्त काळ अवलंबून राहावे लागते.

पहिली पायरी : घरातील मोठ्यांचे एकमत

मुलाशी बोलण्याआधी आई, वडील आणि घरात असतील तर आजी-आजोबा यांनी एकत्र बसावे. आपल्याकडे पाहुणे आले की "काकांना पापी दे", "मामाच्या मांडीवर बस" असे सहज म्हटले जाते, आणि मूल अंग चोरू लागले की त्याला लाजाळू किंवा हट्टी ठरवले जाते. यातून मुलाला नकळत असा धडा मिळतो की, आपल्याला नको असलेला स्पर्शसुद्धा मोठ्या माणसाने मागितला तर द्यावाच लागतो. पुढे "नाही म्हणायला शीक" असे शंभर वेळा सांगितले तरी हा पहिला धडा पुसला जात नाही. म्हणून घरात एक साधा नियम करावा : नमस्कार करणे हा शिष्टाचार आहे, मिठी किंवा पापी देणे ही मुलाची इच्छा आहे. हा नियम आजीला तुसडेपणाचा वाटण्याची शक्यता आहे. तिची समजूत घालण्याचे काम मुलावर सोडू नये, ते आईवडिलांनी करावे. गुदगुल्यांनाही हाच नियम लागू आहे. मूल हसत असले तरी "बस" म्हणाले की हात थांबले पाहिजेत.

"मोठ्यांचे ऐकावे" या शिकवणीलाही एक अपवाद जोडावा लागतो. मोठ्या माणसाने शरीराविषयीचा नियम मोडायला सांगितले, आईबाबांपासून काही लपवायला सांगितले किंवा कोणाला इजा करायला सांगितले, तर त्याचे ऐकायचे नाही आणि त्याबद्दल घरी कोणीही रागावणार नाही, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

दुसरी पायरी : शरीराचे नियम

तीन ते सहा वर्षांच्या मुलाशी हे बोलणे अंघोळीच्या वेळी सहज होते. हात, पाय, पोट यांची नावे घेताना लिंग, योनी, गुदद्वार, छाती हे शब्दही त्याच आवाजात घ्यावेत. घरातील लाडके बोबडे शब्द वापरायला हरकत नाही, पण मुलाला खरे शब्दही ठाऊक असावेत, कारण उद्या शिक्षकांना, डॉक्टरांना किंवा पोलिसांना काही सांगण्याची वेळ आली तर त्याचे म्हणणे ऐकणाऱ्याला नेमके कळले पाहिजे.

त्यानंतर नियम सांगावा. ओठ, छाती, दोन्ही पायांमधला भाग आणि ढुंगण हे शरीराचे खासगी भाग आहेत. स्वच्छतेसाठी आई, बाबा किंवा ठरलेली एखादी व्यक्ती, आणि तपासणीसाठी आईबाबा समोर असताना डॉक्टर, यांच्याशिवाय कोणी त्यांना हात लावायचा नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी पूर्ण सांगणे महत्त्वाचे आहे. कोणी मुलाच्या खासगी भागांना हात लावायचा नाही, आपल्या खासगी भागांना मुलाला हात लावायला सांगायचे नाही, तसे फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचे नाहीत आणि मुलाचे तसे फोटो काढायचेही नाहीत. अनेक पालक पहिला भाग सांगून थांबतात आणि उरलेले तीन राहून जातात.

"गुड टच, बॅड टच" ही जोडी शाळांमध्ये रुळली आहे आणि काहीच न शिकवण्यापेक्षा ती निश्चित बरी. मात्र तिच्यात एक अडचण आहे. वाईट वाटेल तो स्पर्श वाईट, असे मूल समजते. पण अत्याचार करणारी व्यक्ती बहुधा खेळत, लाड करत, खाऊ देत जवळ येते आणि सुरुवातीचा स्पर्श मुलाला वाईट वाटेलच असे नाही. उलट इंजेक्शन दुखते म्हणून ते वाईट ठरत नाही. म्हणून मुलाला कसे वाटले यापेक्षा नियम मोडला गेला का, यावर भर द्यावा. आपल्याला बरे वाटले म्हणजे आपलीही चूक होती, या अपराधीपणात अनेक मुले वर्षानुवर्षे गप्प राहतात. नियमाधारित शिकवणीने ते टाळता येते.

गुपितांविषयीही असाच नियम करावा. बाबांच्या वाढदिवसाच्या केकची गंमत चार दिवसांत सगळ्यांना कळते, ती लपवायला हरकत नाही. "हे कधीच कोणाला सांगायचे नाही" असे ज्या गोष्टीबद्दल कोणी म्हणते, ती गोष्ट घरी सांगायचीच.

हे सारे एका दिवसात, गंभीर चेहऱ्याने समोर बसवून सांगू नये. मूल त्यातून फक्त भीती उचलते. डबा भरताना किंवा रिक्षाची वाट पाहताना "समजा" हा खेळ खेळावा. "समजा, शाळा सुटली आणि बाबा आलेच नाहीत, तर तू काय करशील?" "समजा, ताईच्या मैत्रिणीच्या भावाने तुला मोबाइलवर काही घाणेरडे दाखवले, तर कोणाला सांगशील?" मुलाचे उत्तर आधी पूर्ण ऐकावे आणि चुकीचे असेल तर न हसता दुरुस्त करावे. याच खेळात मुलाकडून एका हाताच्या पाच बोटांवर विश्वासाची पाच माणसे मोजून घ्यावीत. त्यांपैकी किमान एक जण घराबाहेरचा असावा, कारण त्रास देणारी व्यक्ती घरातीलच असू शकते. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगायचे, कोणीतरी ऐकेपर्यंत सांगत राहायचे आणि १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर स्वतःही फोन करता येतो, हे शिकवावे. हा क्रमांक निःशुल्क असून दिवसरात्र चालू असतो.

"नाही म्हण, तिथून निघ, सांग" हे तीन टप्पे मुलांच्या लक्षात राहतात. मात्र भीतीने मुलाचे अंग गोठते आणि आवाज फुटत नाही, हे पालकांनी मनात ठेवावे. ओरडता आले नाही, पळता आले नाही, तरी नंतर कधीही सांगितलेले चालते, अगदी वर्षभराने सांगितले तरी चालते, हे वाक्य मुलाच्या कानावर आधीच पडलेले असावे.

तिसरी पायरी : शाळेला विचारायचे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली, संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर राज्य शासनाने शाळांमधील सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि तक्रार पेटी यांविषयी आदेश काढले. प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा शासन निर्णय तर मार्च २०२२ चाच आहे. या गोष्टी कागदावर आहेत की प्रत्यक्षात, हे पहिल्या पालक सभेतच विचारावे.

प्रश्न नेमके असावेत. सखी सावित्री समितीत कोण आहेत आणि तिची मागील बैठक कधी झाली? तक्रार पेटी कोणासमोर उघडली जाते? कंत्राटी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? बालवर्गातील मुलांना शौचालयात कोण नेते, आणि त्या ताई रजेवर असतील त्या दिवशी कोण नेते? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण व्यवस्था नेहमीच्या दिवशी ठीक असते आणि बदलीच्या माणसापाशी ढिली पडते. एकट्याने विचारताना संकोच वाटत असेल तर पालक-शिक्षक संघामार्फत किंवा शाळा व्यवस्थापन समितीमार्फत विचारावे. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बंदी आहे, त्यामुळे "सरांनी मारले" ही तक्रारसुद्धा सुरक्षेचीच तक्रार आहे.

स्नेहसंमेलन आणि सहल यांच्या आधी पुन्हा एकदा विचारणा करावी. पोशाख बदलण्याची जागा, तेथे उपस्थित असणाऱ्या शिक्षिका, छायाचित्रकाराला असलेली मुभा आणि मुक्कामाच्या सहलीत खोल्यांची वाटणी, एवढे समजले तरी पुरे.

मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असेल, तर परिस्थिती वेगळी असते. तेथे फोन अनेकदा अधीक्षकांच्या टेबलावर आणि त्यांच्यासमोरच होतो. अशा वेळी घरून निघण्याआधी मुलाशी एक सांकेतिक वाक्य ठरवावे, उदाहरणार्थ "आजीची तब्येत कशी आहे?" हे वाक्य मुलाने उच्चारले की पालकांनी काही न विचारता पुढच्याच गाडीने भेटायला जावे.

चौथी पायरी : घर ते शाळा

पालकाचा मोबाइल क्रमांक आणि घराचा पत्ता मुलाला तोंडपाठ असावा. गणपतीच्या दिवसांतील गर्दीत, जत्रेत किंवा स्थानकावर चुकामूक झाली तर मुलाने आहे तेथेच थांबावे आणि गणवेशातील पोलीस, दुकानाच्या गल्ल्यावरील व्यक्ती किंवा लहान मूल सोबत असलेली बाई यांच्यापैकी कोणाची तरी मदत मागावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक सांगून ठेवावेत. ओळखपत्र शाळेबाहेर दप्तरात ठेवण्याची सवय लावावी, कारण गळ्यातील ओळखपत्रावर नाव वाचून कोणीही मुलाला नावाने हाक मारू शकतो.

घ्यायला येणाऱ्या व्यक्तीसाठी एक परवलीचा शब्द ठरवावा. "आईला दवाखान्यात नेले आहे, चल लवकर" असे शेजारच्या काकांनी सांगितले तरी तो शब्द कळल्याशिवाय जायचे नाही. एकदा वापरला की शब्द बदलावा.

शालेय बससाठी महाराष्ट्रात २०११ पासून स्वतंत्र नियमावली आहे आणि शाळेच्या परिवहन समितीने बसची व्यवस्था पाहणे अपेक्षित आहे. बस किंवा व्हॅन ठरवताना चालकाचा परवाना व पडताळणी पाहावी, मुलांसोबत महिला मदतनीस आहे का ते पाहावे आणि सर्वांत आधी कोणाचे मूल चढते व सर्वांत शेवटी कोणाचे उतरते हे जरूर विचारावे. वाहनात एकटे उरणारे मूल हेच असते. दोन मुले एकाच थांब्यावर उतरतील अशी जुळवाजुळव शेजारच्या पालकांशी बोलून अनेकदा करता येते.

पाचवी पायरी : मोबाइल आणि किशोरवय

पाचवी-सहावीपासून धोक्याची वाट दारातून कमी आणि मोबाइलमधून जास्त येते. ऑनलाइन खेळातील गप्पांमध्ये कोणी समवयस्क असल्याचे भासवून मैत्री करतो, काही आठवड्यांनी फोटो मागतो आणि फोटो हाती पडला की तो सर्वांना पाठवण्याची धमकी देत पैसे किंवा आणखी फोटो मागू लागतो. हल्ली साध्या फोटोवरूनही कृत्रिमरीत्या नग्न चित्र बनवले जाते, त्यामुळे मुलाने स्वतः काही पाठवलेले असेलच असे नाही. या सापळ्याची खरी ताकद "घरी कळले तर मोबाइल काढून घेतील" या भीतीत असते. म्हणून शिक्षेची भाषा आधीच सोडून द्यावी आणि स्पष्ट सांगावे : "काहीही झाले असले तरी तू येऊन सांग, त्या दिवशी मी मोबाइल काढून घेणार नाही."

असे काही घडलेच तर क्रम असा ठेवावा. पैसे देऊ नयेत आणि नवा फोटो पाठवू नये. खाते बंद करण्याआधी त्या व्यक्तीचे खाते, दुवा, संभाषण, तारखा आणि पैशांचे तपशील यांची नोंद जपावी. नंतर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. या पोर्टलवर मुलांविषयीच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. 'टेक इट डाउन' ही अमेरिकी संस्थेची निःशुल्क सेवा अठरा वर्षांखालील वयात काढलेली नग्न छायाचित्रे सहभागी समाजमाध्यमांवर पसरू नयेत म्हणून मदत करते, आणि त्यासाठी छायाचित्र मोबाइलबाहेर पाठवावे लागत नाही. एक चूक मात्र कटाक्षाने टाळावी : पुरावा म्हणून ते चित्र नातेवाइकांना किंवा पालकांच्या गटावर पाठवू नये. मुलांचे असे चित्र पुढे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

किशोरवयीन मुलामुलींशी प्रेम आणि संमती यांवर बोलणे पालकांना सर्वांत अवघड जाते. तरी एक गोष्ट त्यांना कायद्याच्या भाषेतच सांगितलेली बरी. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि लैंगिक संबंधांसाठी तिची संमती कायदा मानत नाही, मग दोघांची मर्जी असो वा नसो. हे धाक म्हणून सांगू नये. त्यासोबत नकार ऐकून मागे हटणे, कोणाचा पाठलाग न करणे आणि मित्राने दाखवलेला कोणाचा खासगी फोटो पुढे न पाठवणे हेही सांगावे, आणि ते मुलांना तर विशेष करून सांगावे. मुलींना सातच्या आत घरात बोलावणे आणि मुलांना काहीच न सांगणे, ही अर्धवट सुरक्षा आहे. दहावी-बारावीच्या शिकवणीत एकट्या विद्यार्थ्याला "शंका विचारायला" उशिरा थांबवले जात असेल, तर दार उघडे असलेल्या वर्गात आणि आणखी एक जण सोबत असतानाच थांबायचे, असा नियम ठेवावा. अभ्यासाच्या ताणाने किंवा चिडवाचिडवीने मूल खचलेले दिसले तर टेलिमानस या शासनाच्या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकांशी मराठीतही बोलता येते.

सहावी पायरी : मूल सांगते तेव्हा

आतापर्यंतच्या साऱ्या शिकवणीची कसोटी येथे लागते, आणि ती मुलाची नसून आपली असते. मूल बहुधा सरळ सांगत नाही. "मला त्या क्लासला नाही जायचं", "ते काका मला आवडत नाहीत" असे एखादे वाक्य टाकून ते आपला चेहरा पाहते. पुन्हा अंथरूण ओले होणे, कारण नसता पोट दुखणे, एका ठरावीक ठिकाणी जाण्याला अचानक विरोध अशा खुणा दिसू शकतात. त्यांची कारणे इतरही असू शकतात, म्हणून लगेच निष्कर्ष न काढता "तिथे काय होतं?" एवढेच शांतपणे विचारावे.

मुलाने सांगितले की आधी तीन वाक्ये बोलावीत : "बरं झालं तू मला सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीच चूक नाही." "तेव्हाच का नाही सांगितलंस?" हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळावा. "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी "तुला सुरक्षित ठेवणाऱ्या माणसांनाच सांगेन" असे म्हणावे. पुन्हा पुन्हा तपशील विचारू नयेत, आपले शब्द मुलाच्या तोंडी घालू नयेत. मूल जे आणि जसे बोलले ते तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. संशयिताला गाठून जाब विचारू नये, त्याने पुरावा नष्ट होतो आणि मुलावर दबाव येतो. घटना नुकतीच घडलेली असेल तर शक्यतो अंघोळ घालू नये, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत आणि लगेच रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, आणि तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयाने आधी पोलिसांचे कागद मागणे नियमात बसत नाही.

सातवी पायरी : तक्रार आणि तिच्यानंतर

घराण्याचे नाव, मुलीचे लग्न, शाळेची प्रतिष्ठा या कारणांनी अनेक तक्रारी घरातच विरतात. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि कर्मचाऱ्याचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून "आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो" असे शाळेने सांगितले तरी पालकांनी थांबू नये. घटना कोठेही घडलेली असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीची अट नसलेली प्रथम खबर, नोंदवता येतो.

मुलाचा जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि पालक किंवा विश्वासाची व्यक्ती समोर असताना घ्यायचा असतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही आणि मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनीच करायची असते. या तरतुदी पालकांना माहीत असल्या तर त्या नम्रपणे, पण ठामपणे मागता येतात. गोव्यातील पालकांसाठी याशिवाय गोवा बालक अधिनियम, २००३ आणि त्याखालील बाल न्यायालयही आहे.

प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मागून घ्यावी. बाल कल्याण समितीकडे सहाय्यक व्यक्तीची मागणी करावी, म्हणजे रुग्णालयापासून न्यायालयापर्यंत माहितगार माणूस सोबत राहतो. महाराष्ट्रात अत्याचारपीडित महिला व बालकांसाठी असलेल्या मनोधैर्य योजनेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत आर्थिक मदत आणि समुपदेशनही मिळते. मुलाची ओळख उघड होऊ नये यासाठी सोसायटीच्या आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटांवरील चर्चा त्याच दिवशी थांबवण्याची विनंती करावी. शाळेत परतण्याचा दिवस मुलाला विचारूनच ठरवावा, आणि त्या दिवशी वर्गात आपल्याला काय विचारले जाईल, त्यावर काय उत्तर द्यायचे किंवा द्यायचे नाही, हे त्याच्याशी आदल्या संध्याकाळी बोलून घ्यावे.